ऐकणाऱ्यांची यादी

ह्यांच्या तेराव्याच्या दिवशी मी आयुष्यातली पहिली लिंक भरली.

त्याआधी सत्तावीस वर्षं मी शिक्षिका होते, पण शाळेची जी माहिती फोनवरून पाठवायची असते ती कधी माझ्या हातून गेली नव्हती. ते काम ह्यांचं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून आकडे सांगायची आणि हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून भरायचे. "पट?" "एकोणचाळीस." "मुली?" "बावीस." "आज हजर?" शेवटच्या काही वर्षांत आमच्यातलं बरंचसं बोलणं असंच झालं, आणि मला ते कधी कमी वाटलं नाही.

तेराव्याला पंगत उठता उठता मुख्याध्यापकांचा फोन आला. माणूस वाईट नाही, पण वरून आलेल्या पत्राला घाबरतो. म्हणाले, "बाई, तुमचं दुःख मोठं आहे, मला कळतं. पण लिंक आज पाचला बंद होते." मला राग आला नाही. मी चष्मा शोधला, ह्यांच्याच खुर्चीवर बसले आणि पाऊण तासात ती भरली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा गेली. मोहोळहून आलेल्या माझ्या वहिनीला वाटलं मी सांत्वनाच्या निरोपांना उत्तरं लिहितेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर लोक म्हणायला लागले की बाई लवकर सावरल्या. सावरणं वगैरे काही नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गालाला बोट लावलं तर बोट कळतं, गाल कळत नाही. माझं तसं झालं होतं, आणि ते उतरायचं नावच घेईना. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी मी जेवून उठायची. कुणी काही सांगितलं की ते करायची. शाळेत अशा माणसाला फार मागणी असते.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, सातवीपर्यंतची. मुलं घरी तेलुगू बोलतात, गल्लीत दखनी उर्दू आणि आमच्यासमोर मराठी, म्हणजे बोलायचीच वेळ आली तर. वडील बहुतेकांचे यंत्रमागावर. आया घरी विड्या वळतात. पावसाळ्यात वह्यांनासुद्धा तंबाखूचा वास येतो. नवीन शिक्षक पहिल्या आठवड्यात नाकाला रुमाल लावतात, दुसऱ्या आठवड्यात रुमाल घरी विसरतात.

वर्गात मोठा टीव्ही आला तो ह्यांच्यानंतरच्या पहिल्या जूनमध्ये. आम्ही त्याला हार घातला, नारळ फोडला आणि धूळ बसू नये म्हणून वर कापड शिवून घातलं. आपल्याकडे नव्या वस्तूची कदर अशीच करतात. चार महिने तो झाकलेलाच होता. मग तपासणी येणार असं कळलं आणि मुख्याध्यापकांनी विचारलं की तंत्रज्ञान कोण घेणार. जणू काही तो शिल्लक राहिलेला तास होता. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही, कारण खाली घालायची ते सुचलं नाही. तंत्रज्ञान माझ्याकडे आलं.

शाळेत एक नव्या बाई होत्या, माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. त्यांनी मला मधल्या सुट्टीत शिकवलं. टीव्हीला फोन कसा जोडायचा, व्हिडिओ कसा करायचा, तो पालकांच्या ग्रुपवर कसा टाकायचा. मी प्रत्येक पायरी वहीत उतरवून घ्यायची. त्या हसायच्या, "बाई, फोनवरचं वहीत कशाला लिहिता?" मी म्हणायची, "तुम्ही सासरी गेलात की मी कुणाला विचारू?" त्या गेल्या नाहीत. मी मात्र तीन महिन्यांत इतकी तयार झाले की बाकीच्या वर्गांचे गुरुजी फोन घेऊन माझ्याकडे यायला लागले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो इथं काडीलाच बुडत्यांचा झाला होता.

पुढच्या जूनपासून मी सातवीचे व्हिडिओ केले. फळ्यासमोर उभं राहून, केसांना तेल लावून, इस्त्रीची साडी नेसून. एकही कुणी पूर्ण बघितला नाही. हे फोनच सांगतो, त्याला माणसासारखी भीड नसते. मला वाईट वाटलं नाही, मी दुसरा केला. तोही बघितला नाही.

पालकसभेला आठ जणी आल्या होत्या. मी विचारलं, का बघत नाही? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एका मुलीची आई बोलली. ही मुलगी माझ्या सातवीत दुसऱ्या बाकावर बसायची. अबोल, पण वही स्वच्छ. आई तिच्या अगदी उलट, सडसडीत आणि तोंडाळ.

"बाई, बघायला येळ कुटं हाय?" ती म्हणाली. "हात सुपात, डोळं पानावर. मान वर केली की विडी वाकडी हुतीय. वाकडी विडी कारखान्यात काढून फेकतेत. कान तेवढं रिकामं हायत की. कानात काय घालायचं ते घाला."

बाकीच्या हसल्या. मी हसले नाही, वहीत लिहून घेतलं: कान रिकामे.

दुसऱ्या दिवसापासून मी व्हिडिओ बंद केले आणि नुसता आवाज पाठवायला सुरुवात केली. संध्याकाळी भात लावायचा, कुकरची शिट्टी व्हायच्या आत फोन ओट्यावर उभा करायचा आणि दुसऱ्या दिवशीचा धडा दहा मिनिटांत बोलायचा. एकदा अन्नपचनाचा धडा सांगताना शिट्टी झालीच. मी म्हणाले, "थांबा, कुकर बंद करते," बंद केला आणि पुढे सांगितलं. पुन्हा करायचा कंटाळा आला म्हणून तसाच पाठवला. घरात दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे तेवढंच दिवसाकाठी घरातलं बोलणं होतं. आवाज सपाट यायचा. नव्या बाई म्हणाल्या, थोडा चढउतार ठेवा. मी ठेवून बघितला, तो खोटा वाटला, सोडून दिला.

आणि लोक ऐकायला लागले. पहिल्या आठवड्यात अकरा फोनांवर, मग एकोणीस, मग एकतीस. कुणी कुणी ऐकलं ते फोन दाखवतो, ते मी रोज सकाळी चहा पिताना वहीत उतरवायची. डावीकडे मुलाचं नाव, उजवीकडे बरोबरची खूण. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ऐकणाऱ्यांची यादी. त्या गल्ल्यांतून शाळेला जाताना दारादारातून माझाच आवाज ऐकू यायचा, एका दारात लहान आतडं तर पुढच्या दारात मोठं. रिक्षावाला एकदा म्हणाला, "तुमीच की ह्या? ओळखलो मी." लेखी परीक्षेत मुलांचे गुण वाढले. मला आनंद व्हायला हवा होता, हे मला कळत होतं.

दिवाळीनंतर ती दुसऱ्या बाकावरची मुलगी यायची बंद झाली.

हे मी आज असं एका ओळीत लिहिते, पण तेव्हा ते माझ्या लक्षात असं आलं नाही. पहिले दोन दिवस वाटलं ताप असेल. मग यादी बघितली तर तिच्या घरच्या फोनवर धडा ऐकलेला. नुसता ऐकलेला नाही, सगळ्यांच्या आधी ऐकलेला. मी पाठवला की पाच मिनिटांत. मला वाटलं, ऐकतेय ना, मग आहे. हजेरीपटावर शून्य मांडायची आणि यादीत बरोबरची खूण. दोन्ही माझ्याच अक्षरात, दोन्ही एकाच पेनानं. त्या दोन खुणा एकमेकींशी भांडतायत हे मला दिसलं नाही. ज्या बाईला भाजीतलं मीठ कळत नव्हतं तिला हे कुठून कळणार, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगून बघितलं. ते खरं आहे आणि पुरेसं नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. आसपासच्या शाळांच्या केंद्रावर भरलेल्या शिक्षण परिषदेत मला माझा उपक्रम मांडायला सांगितला. साठेक शिक्षक, मागच्या रांगेत दोघेतिघे डुलक्या घेणारे. मी वही उघडून जसं होतं तसं वाचलं. कान रिकामे कसे, आवाज कसा पाठवला, आकडे कसे वाढले. मग उदाहरण म्हणून मी त्या मुलीचं सांगितलं. म्हणाले, "एक विद्यार्थिनी काही दिवस गैरहजर आहे, पण तिच्या अभ्यासात एकही दिवस खंड नाही." टाळ्या वाजल्या. डुलक्या घेणारेही जागे होऊन वाजवायला लागले. केंद्राचे साहेब म्हणाले, "याला म्हणतात शाळा मुलांच्या दारी." मला प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून एक प्रमाणपत्र मिळालं. घरी आल्यावर ते मी कपाटात ठेवलं आणि भात लावला.

मुख्याध्यापकांनीच मला जागं केलं. तेही त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे पत्राला घाबरून. शाळाबाह्य मुलांची माहिती मागवली होती. माझा पट समोर धरून ते म्हणाले, "बाई, ही पोरगी सव्वीस दिवस नाही. महिनाभर नाही आली की वर नाव कळवावं लागतं. आणि सातवीत सुटली तर आठवीला ती दुसऱ्या शाळेत नाव घालायला जाणार आहे होय? संपलं मग."

मी म्हणाले, "ती रोज धडा ऐकते, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी ते माझ्याकडे थेट बघत नसत, विधवा बाईकडे कसं बघावं हा त्यांच्यापुढे प्रश्न असायचा. "बाई," ते म्हणाले, "रेडिओ मीपण ऐकतो. म्हणून मी दिल्लीला असतो का?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. एक खोली, पुढे पायरी, पायरीवर ऊन. आई दारात बसली होती, मांडीवर सूप. तिच्या शेजारी भिंतीला टेकून मुलगी, तिच्याही मांडीवर सूप. समोर डब्याला टेकवून फोन उभा. मला बघून मुलगी उठायला लागली, आईनं तिला कोपरानं बसवलं आणि स्वतः उठून खुर्ची पुसून दिली. खुशीत होती. गल्लीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई आल्यात, आमच्या घरला बाई आल्यात." चहा ठेवला आणि परत येऊन सूप घेतलं.

मी विचारलं, "मुलगी शाळेत का येत नाही?"

तिला तो प्रश्न कळलाच नाही. "शाळा चालूच हाय की," ती म्हणाली. मुलीकडे वळून म्हणाली, "म्हण गं, बाईंस्नी म्हणून दाव."

मुलीनं मान खाली ठेवून धडा म्हणायला सुरुवात केली. तोच, अन्नपचनाचा. तोंडात लाळ कशी मिसळते इथपासून. तिचे हात थांबले नाहीत. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. शब्द न् शब्द माझा होता. मी जिथं थांबते तिथं ती थांबत होती. मी जिथं घसा खाकरते तिथं ती थोडी अडखळली. जठरापाशी आल्यावर ती गप्प झाली, जरा हसली आणि म्हणाली, "हितं तुमचा कुकर हुतोय." मग पुढे म्हणायला लागली. दोनदा चुकली. दोन्ही वेळा आईनं विडीवरची नजर न काढता बरोबर शब्द सांगितला. मला वाटलं, ऐकून ऐकून पाठ झालं असेल.

"बघा," आई म्हणाली. "शाळंत तरी काय करतीय? बसून ऐकतीयच की. हितं बी ऐकतीय, आन् वर माझं पाश्शे विड्या हुतेत. सासूचं डोळं गेल्यापास्नं पानं कापायला माणूस न्हाय घरात. तुमी धडा घरला पाठवून लई उपकार केलासा बाई. खरं सांगतो, लई उपकार."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं, अठ्ठावीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला टोमणे परतवता येतात. हा हिशेब सरळ होता. शाळेत माझ्यासमोर बसून ती खरंच काय करायची? ऐकायची. मी बोलायची आणि ती ऐकायची, मध्ये मी विचारायची "समजलं का?" आणि सगळा वर्ग "होऽ" म्हणायचा. तेवढं सगळं फोनमध्ये मावलं होतं. मी त्या खुर्चीवर बसून आठवायला लागले की माझ्या वर्गात असं काय होतं जे या पायरीवर नाही, आणि मला पटकन एकही गोष्ट आठवेना.

उत्तर नसलं की मी हट्टाला पेटते. असं हे म्हणायचे. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासून धडा फोनवर येणार नाही. ज्याला ऐकायचाय त्यानं शाळेत यायचं."

आईचे हात थांबले. "का? काय चुकलं आमचं?"

"काही चुकलं नाही. चुकलं माझं," मी म्हणाले आणि उठले. मुलीकडे बघितलं. ती विडीचं तोंड दुमडत होती.

दुसऱ्या दिवशी नव्या बाईंना सांगितलं तर त्या चिडल्या. बाकीच्या अडतीस मुलांनी काय पाप केलंय, म्हणाल्या. गुण वाढलेत, उपक्रम केंद्रात गाजलाय, आणि एका मुलीसाठी तुम्ही सगळं बंद करणार? त्यांचं बरोबर होतं. मी म्हणाले, "आवाज वर्गात लावीन." आणि लावला. टीव्हीवरचं कापड काढलं, माझ्याच आवाजातला अन्नपचनाचा धडा दहा मिनिटं लावला आणि मी खाली मुलांत बसले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत वर्गाकडे तोंड करून न बसता मी पहिल्यांदा बसले असेन. आवाज संपला. पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं, मुलांनाही नव्हतं. मग एकानं विचारलं, "बाई, लहान आतडं सहा मीटर म्हणजे केवढं?" कुणीतरी दप्तरातून विडीचा दोरा काढला. पट्टीनं मोजत मोजत त्यांनी तो फळ्यापासून दारापर्यंत आणि दारातून व्हरांड्यात नेला, आणि मुख्याध्यापक त्यात पाय अडकून थोडक्यात वाचले. हे फोनवर झालं नसतं, असं मला वाटलं. पण दुसऱ्या बाकावरची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशीही ती आली नाही. संध्याकाळी ग्रुपवर तिच्या आईचा निरोप आला, दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेला: बाई धडा आला नाही. मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच. फोन उलटा करून ठेवला आणि जेवायला बसले. त्या रात्री भाजी खारट लागली.

चौथ्या दिवशी प्रार्थना झाली आणि वर्गात शिरताना बघितलं, तर मुलगी दुसऱ्या बाकावर बसलेली. वेणी घट्ट, वही उघडलेली. उगाच बुजायची, म्हणून मी सरळ टेबलाशी गेले. पट उघडला, तर दारात तिची आई. चप्पल बाहेर काढून उंबऱ्याच्या अलीकडे उभी, हात पदराला पुसत.

मी बाहेर गेले. म्हणाले, "चांगलं केलंत."

"पोरगीचं बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "तिनं हितंच बसाय पायजे. बसंल आता रोज. विड्याचं मी बघून घेतो." मग ती थांबली. ही बाई बोलताना थांबते हे मी पहिल्यांदा बघत होते. "बाई, मी दुसरीतनं सुटलो. धाकट्या भावाला सांबाळायला. तुमचा धडा मी रोज तीनदा लावतो. सांजच्याला एकदा, आन् सकाळी ही सगळी उठायच्या आदी दोनदा. पोरगी तर एकदाच ऐकतीय."

माझ्या वहीत रोज सगळ्यात वरची खूण कुणाची होती ते मला आत्ता कळत होतं. एकतीस फोनांपुढं मी मुलांची नावं लिहिली होती. फोन कुणाच्या कानाशी आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती मला चक्क लागली. ह्यांच्यानंतर मला काहीही लागलं नव्हतं.

"पोरगी हितं बसंल," ती म्हणाली. "मग मी कुटं बसू?"

मी दार उघडं धरलं. म्हणाले, "आत या. मागे बाक आहे."

तिनं आत बघितलं, सगळा वर्ग नीट बघून घेतला, फळा, टीव्ही, मुलीची वेणी. मागचा बाकही बघितला.

"आत्ता कसं?" ती म्हणाली. "पानं भिजत घातल्यात."

तिनं चप्पल पायात घातली आणि गेली. मी आत येऊन हजेरी घेतली.